सही कुणाची? बडोद्यातल्या एका अन्न विश्लेषकाचं प्रकरण

प्रकरण तुपाच्या एका नमुन्याचं आहे. पण तो नमुना आला त्या दिवशी ताई जे बोलल्या ते नीट समजायचं तर बारा वर्षं मागं जावं लागतं.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी तपासणी लॅबमध्ये क्वालिटी मॅनेजर होतो. तेल, तूप, दूध, मसाले, पिण्याचं पाणी, सगळं आमच्याकडं यायचं. ताई सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून थेट आमच्याकडंच लागल्या. माहेर सुलतानपुऱ्यातलं, सासर दांडिया बाजारच्या मागं, नवरा रिफायनरीत शिफ्टमध्ये. लॅबमधली गुजराती मुलं त्यांना ‘बेन’ म्हणत, मी ‘ताई’ म्हणायचो, म्हणून इथंही ताईच लिहितो. त्यांचं नाव लिहीत नाही आणि लॅबचंही नाही.

बारा वर्षं तेला-तुपाची फ्लास्क-ब्युरेटची सगळी कामं ताईंच्या हातची होती. त्या बारा वर्षांत लॅबमधून जेवढे रिपोर्ट बाहेर पडले त्यांतल्या एकाच्याही खाली त्यांचं नाव नव्हतं. सही माझी होती.

यात बेकायदा काही नव्हतं. एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता असलेल्या लॅबमध्ये रिपोर्टवर सही करणारी माणसं ठरलेली असतात. आयएसओ 17025 या मानकाप्रमाणे लॅबची तपासणी होते, तेव्हा असेसर, म्हणजे तपासायला आलेले तज्ज्ञ, त्या माणसांशी बोलतात, प्रश्न विचारतात, आणि कुणाची सही कोणत्या चाचण्यांपुरती चालेल ते ठरतं. आमच्याकडं तो माणूस मी. ताईंची वही माझ्या टेबलावर यायची, मी आकडेमोड पडताळायचो, मागचे दोन-तीन निकाल डोळ्यांखालून घालायचो आणि सही करायचो. फ्लास्क मी क्वचितच पाहिला. खरं सांगायचं तर पाहायची गरजही वाटत नसे, कारण हात ताईंचा होता. तेवढा भरवसा होता त्यांच्यावर. आणि तो भरवसा रिपोर्टवर कुठंही लिहिलेला नव्हता.

तुपाची एक चाचणी इथं जवळून पाहू, कारण माझं म्हणणं बरंचसं तिच्यात आहे. तिला आरएम व्हॅल्यू म्हणतात, रायकर्ट-माइसल या दोन नावांवरून. पाच ग्रॅम गाळलेलं तूप फ्लास्कमध्ये तोलून घ्यायचं. त्यात ग्लिसरॉल आणि कॉस्टिक सोड्याचं दाट द्रावण घालून ज्योतीवर हलवत राहायचं, फेस बसून द्रव नितळ होईपर्यंत. म्हणजे तुपाचा साबण झाला. मग उकळून घेतलेलं गरम पाणी, चिमूटभर प्यूमिसची पूड आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. साबण फुटतो, फॅटी ॲसिडं मोकळी होतात आणि डिस्टिलेशन सुरू करायचं. 110 मिली उतरवायचं, तेही 19 ते 21 मिनिटांत. ज्योत मोठी झाली तर सतरा मिनिटांत उतरतं, पंख्याचा वारा लागला तर पंचवीस लागतात, आणि दोन्ही वेळा आकडा चुकतो. उतरलेलं थंड करून गाळायचं, त्यातलं 100 मिली घेऊन फिनॉल्फ्थॅलीन टाकून डेसिनॉर्मल अल्कलीनं टायट्रेट करायचं, म्हणजे किती अल्कली लागली ते मोजायचं, त्यातून ब्लँक, म्हणजे तूप न घालता तशाच केलेल्या चाचणीचा आकडा, वजा करायचा, 1.1 नं गुणायचं.

यातून कळतं ते असं. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिकसारखी छोटी फॅटी ॲसिडं असतात. ती वाफेबरोबर उडतात आणि पाण्यात विरघळतात. वनस्पती तेलांत ती जवळजवळ नसतातच. म्हणून तुपात तेल किंवा डालडा मिसळला की आरएम खाली येतो. पण फ्लास्कमधली सगळी छोटी ॲसिडं काही त्या 110 मिलीत उतरत नाहीत, बरीचशी उतरतात. किती उतरतील ते फ्लास्कच्या मापावर, ज्योतीवर आणि मिनिटांवर ठरतं. म्हणजे इथं पद्धतच आकडा ठरवते, आणि पद्धत असते करणाऱ्याच्या हातात. ताई त्या वीस मिनिटांत कुणाशी बोलत नसत. स्टूल ओढून समोर बसायच्या, डावा हात गॅसच्या चावीवर, नजर घड्याळ आणि सिलिंडर यांच्यामध्ये. नवीन मुलं त्यांच्यामागं उभी राहून शिकायची. फोन वाजला तर तो उचलायचा कुणी, हेही ठरलेलं होतं.

असा हात असलेली बाई एकदा आणंदकडच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये मुलाखतीला गेली. आमच्याकडं पगार वाढत नव्हता, मुलगा तिसरीत होता, आणि तिकडची जागा सीनियर ॲनालिस्टची होती. संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी निघायच्या तयारीत होतो. दारातच म्हणाल्या, “सर, त्यांनी विचारलं, तुम्ही सही केलेला एखादा रिपोर्ट दाखवा. मी काय दाखवणार?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. वह्या लॅबच्या मालकीच्या, बाहेर नेता येत नाहीत. रिपोर्टवर नाव माझं. त्यांच्याकडं होतं एक अनुभवाचं प्रमाणपत्र, त्यावर शेठची, म्हणजे लॅबच्या मालकाची, सही आणि “काम समाधानकारक” असे दोन शब्द. बारा वर्षांचं सगळं काम त्या दोन शब्दांत.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “ताई, तुम्ही फूड ॲनालिस्टच्या परीक्षेला बसा.”

हे मी त्यांना दहा वर्षं आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी इथं लिहून ठेवतो. चांगला ॲनालिस्ट टेबलावर आहे तोवर आपलं चालतंय, या सवयीनं अनेक वरिष्ठ हेच करतात. मीही केलं.

आता कायद्याचं थोडं. पूर्वी अन्नभेसळीचा 1954 चा कायदा होता आणि त्यात ‘पब्लिक ॲनालिस्ट’ असायचे. त्याच्या जागी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 आला. त्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. नव्या कायद्याच्या 45 व्या कलमात ‘अन्न विश्लेषक’ येतो, त्याची नेमणूक राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त करतात. त्यासाठी रसायनशास्त्र, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, डेअरी केमिस्ट्री, फूड टेक्नॉलॉजी अशा ठरावीक विषयांतली पदव्युत्तर पदवी हवी, अन्न तपासणीचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि शिवाय अन्न प्राधिकरणानं नेमलेल्या मंडळानं त्या माणसाला पात्र ठरवलेलं हवं. ते पात्र ठरवणं परीक्षेतून होतं, लेखी आणि प्रात्यक्षिक.

आमच्या मुलांना ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याच नियमात आहे. एम.एस्सी. नसलेल्यालाही एक वाट आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ केमिस्ट्स (इंडिया) ही 1927 पासूनची संस्था असोसिएटशिपची परीक्षा घेते, आणि तिच्यातल्या अन्न विश्लेषक विभागात उत्तीर्ण झालेला माणूस नियमाप्रमाणे पात्रतेत बसतो. मकरपुऱ्यात, नंदेसरीत, हलोलला बी.एस्सी. करून वर्षानुवर्षं ब्युरेट धरणारी कितीतरी पोरं आहेत. त्यांना हे कुणी सांगत नाही.

ताई पहिल्या वेळी लेखीतच अडकल्या. रसायन पक्कं होतं, पण सूक्ष्मजीवशास्त्र कॉलेजनंतर हातात धरलेलं नव्हतं, आणि कायद्याची कलमं तर कधीच वाचली नव्हती. निकाल आला त्या दिवशी डबा न उघडता परत नेला. मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभरात त्यांनी आमच्या मायक्रो सेक्शनच्या मुलीशी सौदा केला. ती त्यांना प्लेट काउंट आणि कोलिफॉर्म या जंतूंच्या चाचण्या समजावणार, बदल्यात ताई तिला जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, शिकवणार. रविवारी मुलाला आजीकडं सोडून त्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसायच्या. सयाजीरावांनी 1910 साली उभी केलेली ती लायब्ररी, घरात जागा नसलेल्या किती पिढ्यांनी तिथं अभ्यास केला असेल. नवऱ्याची नाइट शिफ्ट असली की तो दिवसा स्वयंपाक करायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा परीक्षा एकटा माणूस देत नसतो.

दुसऱ्या वेळी लेखी निघाली, प्रात्यक्षिकही निघालं. प्रमाणपत्र पोस्टानं घरी आलं. लॅबमध्ये पेढे वाटले, शेठनं पगारात थोडी वाढ दिली. थोडी म्हणजे खरंच थोडी. ज्यांना वाटतं की नोंदणी झाली की पगाराचा आकडा उडी मारतो, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग ते तूप आलं.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडं जातो, दोन डेझिग्नेटेड ऑफिसरकडं राहतात. चौथा भाग, व्यावसायिकानं मागितलं तर, मान्यताप्राप्त लॅबला जातो. सरकारी विश्लेषकाचा आणि त्या लॅबचा रिपोर्ट जुळला नाही तर ठेवलेल्या भागांपैकी एक रेफरल लॅबला पाठवतात, आणि तिचा निकाल अखेरचा. म्हणजे चौथ्या भागाला वजन असतं. तो वेगळा आला तर प्रकरण सगळं पुन्हा उघडतं.

त्या दिवशी आमच्याकडं आला तो चौथा भाग. दुकानदार आमच्या शेठचा जुना ओळखीचा, सोयरिकीतलाच म्हणा ना. नमुना येण्याआधी फोन आला होता. शेठ माझ्या केबिनमध्ये येऊन गुजरातीत हळूच म्हणाले, जरा बघून घ्या. “बघून घ्या” म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना समजतं.

ताईंनी आरएम लावला. पहिल्या फ्लास्कचं डिस्टिलेशन वीस मिनिटं आणि काही सेकंदांत उतरलं. आकडा मर्यादेच्या खाली. दुसरा फ्लास्क लावला, तोही खाली, आणि दोन्ही एकमेकांशी जुळणारे. ब्युटिरोरिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे तुपातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, 40 अंशाला घेतलेलं वाचन वरच्या बाजूला झुकलेलं. बोदुआँ चाचणी मात्र स्वच्छ, लाली नाही. डालड्यात तिळाचं तेल मिसळायची सक्ती होती ती याचसाठी, तुपात डालडा असला तर फरफुराल आणि ॲसिडबरोबर गुलाबी-लाल रंग उठावा म्हणून. तो उठला नाही.

मी वही पाहिली. शेठचं वाक्य कानात होतं. आणि मी, लाज वाटते सांगायला, म्हटलं, “ताई, ज्योत जरा जास्त होती का? पुन्हा एकदा...”

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. “सर, तिसरा फ्लास्क लावायचा तर लावते. पण आकडा जो येईल तोच लिहीन. आता खाली सही माझी आहे.”

बारा वर्षं त्या हे वाक्य बोलू शकत नव्हत्या. त्यांची नीतिमत्ता कमी होती म्हणून नव्हे. आधीही त्यांच्या वहीतला आकडा खराच असायचा. पण वहीनंतर काय होतं त्यावर त्यांचा हात पोचत नव्हता. त्या आकडा द्यायच्या, आणि पुढं तो माझ्या टेबलावर असायचा. आता आकडा आणि नाव एकाच माणसाचं झालं होतं. कायदा उद्या विचारणार तर त्यांना विचारणार, मला किंवा शेठला नाही. शेठचा दबाव होताच, पण आता त्याला दारातच थांबावं लागत होतं. माझ्या मते व्यावसायिक नोंदणीची किंमत कुठं असेल तर ती इथं आहे.

पण गोष्ट “नाही” म्हणण्यावर संपली नाही, आणि ताईंचं मोठेपण मला त्या पुढच्या भागात दिसलं.

आरएम खाली आणि रिफ्रॅक्टोमीटर वर, म्हणजे भेसळ, असं कुणीही घाईत म्हणेल. ताईंनी म्हटलं नाही. आपल्या गुजरातेत, विशेषतः कपाशीच्या पट्ट्यात, जनावरांना सरकी आणि सरकीची पेंड, ज्याला इथं कपासिया खोळ म्हणतात, भरपूर घालतात. तसं खाणं असलं की दुधातल्या फॅटची घडणच बदलते, छोटी ॲसिडं कमी होतात, आरएम उतरतो आणि वाचन चढतं. जुन्या कायद्यात कपाशीच्या पट्ट्यातल्या तुपाला म्हणूनच वेगळी मर्यादा होती. तेव्हा प्रश्न उरला की हे तूप कमी उतरलंय ते पेंडीमुळं की मिसळलेल्या तेलामुळं.

त्यांनी जीसीवर स्टेरॉल काढले. तुपात मुख्य स्टेरॉल कोलेस्टेरॉल. वनस्पती तेल असेल तर बीटा-सिटोस्टेरॉल दिसतं, आणि गायी-म्हशीनं सरकी खाल्ली म्हणून ते दुधात असं उतरत नाही. क्रोमॅटोग्राममध्ये त्या वेळेला, जिथं सिटोस्टेरॉलचं शिखर यायला हवं होतं, रेषा जवळजवळ सपाट होती. प्रिंट त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि पेन्सिलीनं ती जागा दाखवली.

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं की नमुना मानकाला उतरत नाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘सब-स्टँडर्ड’. सोबत स्टेरॉलचा निकाल आणि वनस्पती तेल आढळलं नाही, हेही. ‘अनसेफ’ हा शब्द वापरला नाही, भेसळीचा ठपकाही ठेवला नाही. या शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सब-स्टँडर्डला 51 व्या कलमाखाली पाच लाखांपर्यंत दंड होतो. अनसेफ ठरलं तर 59 वं कलम येतं, तिथं तुरुंगवास आहे, आणि खाऊन कुणी दगावलं असेल तर जन्मठेपेपर्यंत. एका शब्दानं माणूस कचेरीतून सुटतो किंवा कोर्टात उभा राहतो.

दुकानदार खवळला. त्याला पास हवा होता. शेठ दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरकारी विश्लेषकाचा रिपोर्टही सब-स्टँडर्डच होता, त्यामुळं दोन्ही जुळले आणि प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडं गेलं. हा अधिकारी अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा नसतो. सुनावणीला ताईंना आपला रिपोर्ट समजावून सांगायला बोलावलं. मी सोबत गेलो. कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात तासभर बसलो. त्यांच्या मांडीवर फाइल, फाइलमध्ये वरच प्रमाणपत्राची झेरॉक्स.

दुकानदाराच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला तो त्या कोण आहेत याचा. ताईंनी झेरॉक्स पुढं केली, अधिकाऱ्यांनी पाहिली, आणि तो विषय तिथंच संपला. मला आणंदची ती संध्याकाळ आठवली.

मग वकिलानं डिस्टिलेशनच्या वेळेवर घेतलं. किती मिनिटांत उतरलं? ताईंनी वहीतून दोन्ही फ्लास्कच्या वेळा वाचून दाखवल्या, ब्लँक किती आला ते सांगितलं, आणि 1.1 नं का गुणतात तेही. उतरवतो 110, टायट्रेट करतो 100. वकील वनस्पती तेलाकडं वळला, तुम्हीच म्हणता तेल नाही, मग तूप शुद्ध झालं की नाही? इथं त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “साहेब, ही चाचणी वनस्पती तेल पकडते. प्राण्याची चरबी असेल तर ती या चाचणीत दिसणार नाही. म्हणून मी शुद्ध असं लिहिलेलं नाही. वनस्पती तेल आढळलं नाही, एवढंच लिहिलंय.”

आपल्या चाचणीला काय दिसत नाही ते न विचारता सांगणारा साक्षीदार मी तरी फार पाहिला नाही. ज्याला आपलं नाव टिकवायचंय तोच असं बोलतो.

दंड ठरवताना अधिकाऱ्यानं काय पाहायचं ते 49 व्या कलमात आहे: चुकीतून किती फायदा झाला, कुणाचं किती नुकसान झालं, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि चूक त्याच्या नकळत झाली का. ताईंच्या रिपोर्टमधल्या स्टेरॉलच्या ओळीचा दुकानदाराला तिथं उपयोगच झाला. दंड झाला, पण पाच लाखांच्या मानानं लहान. काही महिन्यांनी तो स्वतः लॅबमध्ये आला. पुढचा माल उचलायच्या आधी तपासून हवा होता, आणि तो काउंटरवर म्हणाला, बेनकडंच द्या.

एवढं झालं तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्या लॅबमधला ताण कायम राहिला. ताईंनी वर्षभरानं नोकरी सोडली, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

त्या सोडून गेल्या तेव्हा एक फरक लख्ख दिसला. एनएबीएलच्या सहीचा अधिकार लॅबच्या मान्यतेशी बांधलेला असतो. लॅब बदलली की तो अधिकार मागं राहतो, नव्या ठिकाणी असेसरसमोर पुन्हा बसावं लागतं. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझा वीस वर्षांचा सहीचा अधिकार दारातच राहिला. अन्न विश्लेषकाची पात्रता मात्र माणसाची असते. ताईंच्या पिशवीत ती त्यांच्याबरोबर नव्या लॅबच्या दारातून आत गेली. तिथं एनएबीएलची मुलाखत त्यांनाही द्यावी लागली, पण या वेळी कुणी त्यांना सही केलेला रिपोर्ट दाखवा असं म्हटलं नाही.

लॅबच्या मायक्रो सेक्शनमधली ती मुलगी, जिनं ताईंना कोलिफॉर्म शिकवले, पुढं इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका फूड लॅबमध्ये लागली. फोनवर सांगत होती, तिकडं शास्त्रज्ञाला काम करायला कायद्यानं नोंदणी लागत नाही, तरी लोक करतात. सायन्स कौन्सिल म्हणून संस्था आहे, तिला 2003 साली रॉयल चार्टर मिळाला, 2004 पासून तिथं चार्टर्ड सायंटिस्ट ही पदवी देतात. पुढं रजिस्टर्ड सायंटिस्ट आणि रजिस्टर्ड सायन्स टेक्निशियन अशाही पायऱ्या आल्या. अर्ज आपापल्या व्यावसायिक संस्थेमार्फत करायचा. रसायनवाल्यांसाठी रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री, तिची स्वतःची चार्टर्ड केमिस्टची पदवीही आहे. आणि एकदा मिळाली की झालं असं नाही, दरवर्षी आपण काय नवीन शिकलो त्याची नोंद ठेवून नाव टिकवावं लागतं. ती मुलगी सध्या ती नोंदवहीच भरतेय. म्हणाली, “सर, यातली पहिली ओळ मी ताईंकडून जीसी शिकले तीच लिहिली असती, पण ती इथं येण्याआधीची, चालत नाही.”

आपल्याकडं असं सगळ्या शास्त्रज्ञांसाठी एक रजिस्टर नाही. जिथं कायदा आला तिथंच नोंदणी आली. फार्मसीला 1948 चा कायदा आहे, राज्याच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणवता येत नाही. किरणोत्सारी उपकरणांपाशी काम करणाऱ्या आरएसओला, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, अणुऊर्जा नियामक परिषदेची मान्यता लागते. 2021 साली अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायद्यानं आला, त्याच्या यादीत बायोटेक्नॉलॉजिस्ट आणि क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजिस्टही आहेत. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात, रंगांच्या कारखान्यातला केमिस्ट, सिमेंटच्या प्लांटमधला ॲनालिस्ट, पाण्याच्या लॅबमधला मुलगा, यांना सांगायला फक्त पदवी आणि अनुभवाचं प्रमाणपत्र. मला हे फार लागतं. काम ते शास्त्रज्ञाचं करतात, आणि ओळख कंपनीच्या बॅजची. बॅज काढला की संपली.

बडोद्याच्या मातीत खरं तर हा विषय जुना आहे. 1890 साली इथं कलाभवन सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईत चाफेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं तेव्हा तो डाग काढायचं काम गज्जरांनी केलं. पुढं 1907 मध्ये सुरू झालेल्या अलेंबिकच्या स्थापनेतही ते होते. त्या काळी कुठलं रजिस्टर नव्हतं. गज्जरांना लोक नावानं ओळखत, कारण रसायनशास्त्रज्ञ मोजके आणि गिऱ्हाइकं समोरची होती. आज मकरपुऱ्यातला रिपोर्ट सुरतेत वाचला जातो, दुबईत वाचला जातो. वाचणाऱ्याला ताईंचा डावा हात गॅसच्या चावीवर दिसत नाही. त्याला खालची ओळच दिसते.

माझ्यासमोर प्रमाणपत्र असलेले आणि फ्लास्कपाशी न जाणारेही आहेत, हे नाकारत नाही. अशांची नावं रिपोर्टवर पाहतो तेव्हा मला माझीच पहिली बारा वर्षं आठवतात. पण म्हणून ज्याचा हात चांगला आहे त्यानं नोंदणी टाळावी, हे मला कधीच पटलेलं नाही. उलट त्यानंच आधी करावी.

नव्या लॅबमध्ये ताई आता तांत्रिक प्रमुख आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडं फराळाला गेलो तेव्हा त्यांनी त्यांच्या लॅबच्या रिपोर्टचा नमुना दाखवला. खाली त्यांची सही, आणि सहीच्या वर एक नवी ओळ: ‘चाचणी केली’, त्यापुढं ब्युरेट धरणाऱ्याचं पूर्ण नाव. असेसरनं विचारलं, हे कशाला? ताईंनी सांगितलं, उद्या याला कुणी विचारलं तर दाखवायला. त्या दिवशीच्या रिपोर्टवर त्या ओळीत हलोलच्या एका बी.एस्सी. मुलाचं नाव होतं. तो स्वयंपाकघराच्या दारातून आम्हाला चिवडा वाढत होता, आणि त्यानं असोसिएटशिपचा फॉर्म भरलाय की नाही हे ताई त्याला माझ्यासमोर तिसऱ्यांदा विचारत होत्या.